अंगणातला ससा आणि खान्देशची तपन

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त घेण्यात आलेल्या बालसंस्कार शिबिरातील व्याख्यान. वक्ते निवृत्त पशुधन पर्यवेक्षक आहेत.)



समितीचे दोन कार्यकर्ते मला निमंत्रण द्यायला घरी आले, तेव्हा मला वाटलं की शिक्षण, व्यसनमुक्ती असा काहीतरी विषय असेल. तर ते म्हणाले, "काका, सशांवर बोला." मी म्हटलं, कशावर? तेव्हा त्यांनी खुलासा केला की, शिबिराच्या मुलांसाठी एका उपासकाने सशांची पांढरी जोडी दिलेली आहे. मुलं शाळेतून आली की दप्तर टाकतात आणि पिंजऱ्याकडे पळतात. पिंजरा विहाराच्या मागच्या अंगणात ठेवला आहे. तुम्ही जन्मभर जनावरांच्या दवाखान्यात नोकरी केली, तेव्हा दोन शब्द सांगा.

आता खरं सांगायचं तर, माझी सगळी नोकरी जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत गाई, म्हशी, शेळ्या आणि कोंबड्या यांच्यात गेली. ससा आमच्या रजिस्टरात वर्षातून एखाद्या वेळी यायचा. त्यामुळे आज मी जे सांगणार आहे, त्यातलं थोडं पुस्तकातलं आहे आणि बरंचसं हात पोळून घेतल्यावर शिकलेलं आहे. हात कसा पोळला, ते आधी सांगतो.

१९९५ सालची गोष्ट. आम्ही जळगावला भाड्याच्या घरात राहत होतो. मुलगी तिसरीत होती. तिने हट्ट धरला म्हणून मी बाजारातून सशांची जोडी आणली. सुताराकडून लाकडी पिंजरा करून घेतला, वर पत्रा ठोकला, समोर जाळी लावली. कुत्र्या-मांजरांची भीती होती म्हणून चांगली जाड जाळी, पक्की कडी. पिंजरा ठेवला घराच्या पश्चिमेच्या भिंतीला लागून. का? तर सकाळी मी ठेवायला गेलो, तेव्हा तिथे गार सावली होती!

मे महिन्यात घटसर्प आणि फऱ्याच्या लसीकरणाचे दिवस असतात. मी पहाटेच खेड्यावर निघून गेलो. जाताना मुलीने गोणपाट ओलं करून पिंजऱ्यावर टाकलं होतं. दुपारी घरात सगळे कूलरसमोर झोपले. मी चारच्या सुमारास परत आलो, तर शेजारच्या आजी दारात उभ्या. म्हणाल्या, "भाऊ, ससा मरी गया." एक नव्हे, दोन्ही गेले होते. एक पाण्याच्या वाटीजवळ लांब पडलेला, दुसरा कोपऱ्यात. वाटीतलं पाणी चहासारखं गरम होतं. गोणपाट वाळून कडक झालं होतं. जाळी शाबूत होती, कडी शाबूत होती. आजी पुढे म्हणाल्या, "मानूसले सहन व्हत नही ती तपन, त्या मुक्या जीवले कशी सहन व्हई?"

मुलगी रडली नाही. तिने ते वाळलेलं पोतं पुन्हा बादलीत बुडवलं आणि पिंजऱ्यावर टाकलं.

मी त्या दिवशी सकाळी शंभरावर जनावरांना टोचून आलो होतो. लोक मला डॉक्टरसाहेब म्हणत. आणि माझ्या स्वतःच्या अंगणातले दोन जीव मी सावली फिरते एवढी साधी गोष्ट लक्षात न घेतल्याने गेले. म्हणून आज कुणी मला विचारलं की, "ससा अंगणात ठेवायचा तर कुत्र्यापासून कसा सांभाळायचा?" तर मी म्हणतो, कुत्र्याचं नंतर बघू. आधी उन्हाचं बोला. खान्देशात सशाचा पहिला शत्रू ऊन आहे आणि तो जाळीतून आत येतो.

असं का होतं, ते मुलांनो नीट समजून घ्या. आपल्याला घाम येतो, तो वाळताना अंग गार करतो. सशाला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल. कुत्र्यासारखी जीभ बाहेर काढून धापा टाकणंही त्याला नीट जमत नाही. अंगावर दाट लोकर. मग त्याच्याकडे उरतं काय? कान! त्या लांब कानांत रक्तवाहिन्यांचं जाळं आहे. गरम रक्त कानात येतं, वाऱ्याने थोडं निवतं आणि परत अंगात जातं. मोटारीला रेडिएटर असतो ना, तसंच. पण हे केव्हा चालतं? हवा सशाच्या अंगापेक्षा गार असेल तेव्हा. सशाच्या अंगाचं तापमान ३९ अंशांच्या आसपास असतं. आपल्या जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. म्हणजे हवाच अंगापेक्षा गरम! कान उष्णता बाहेर टाकण्याऐवजी आत घेऊ लागतात. सशाला सोयीची हवा १५ ते २५ अंशांची. ३० च्या पुढे त्याला त्रास सुरू होतो, ३५ च्या पुढे जिवाचा धोका. आपल्याकडे मार्च ते जून, सावलीतसुद्धा, ३५ च्या पुढेच दुपार असते.

इथे एक गैरसमज दूर करतो. कुणी म्हणेल, काका, आपल्या शेतात, नदीकाठच्या बाभळीत ससे राहतातच की! राहतात. पण तो ससा वेगळा आणि हा वेगळा. शेतातला आपला रानससा उघड्यावर झुडपाच्या आडोशाला राहतो, बीळ करत नाही. त्याची पिल्लं जन्मतःच डोळे उघडे असलेली, अंगावर केस असलेली. पिंजऱ्यातला हा पांढरा ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, जमिनीखाली बिळात राहणारा. त्याची पिल्लं उघडी-नागडी, डोळे मिटलेली जन्मतात, कारण ती बिळाच्या उबेत वाढायची असतात. ऊन झालं की बिळात शिरायचं, हा त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय. आपण त्याला पत्र्याखाली चार पायांच्या पेटीत ठेवतो आणि त्याचं बीळच काढून घेतो. (जातकातला ससा, ज्याने अतिथीला द्यायला काही नाही म्हणून स्वतः आगीत उडी घेतली आणि ज्याचं चित्र शक्राने चंद्रावर काढलं, तो अर्थातच आपला रानातला ससा. रानससा पकडून पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हेही ओघाने सांगून ठेवतो. शेतात पिल्लू सापडलं तर उचलून आणू नका. त्याची आई संध्याकाळी दूध पाजायला येते.)

मग आपण काय करायचं? बीळ परत द्यायचं. उत्तर आफ्रिकेच्या उष्ण भागात सशांना जमिनीत घर करून देतात. आपल्याला लांब जायला नको. आपल्या खान्देशातलं जुनं धाब्याचं घर आठवा. जाड मातीच्या भिंती, वर लाकडं, त्यावर मातीचा जाड थर. दुपारी बाराला आत शिरलं तरी गार. सशासाठी तसंच एक छोटं धाबं करायचं. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, कच्च्या विटांचं, मातीने लिंपलेलं. आत-बाहेर जायला दोन दारं, कारण एका दारातून भीती आली तर दुसऱ्यातून पळता आलं पाहिजे. आणि आत एक जुना गळका माठ आडवा करून, निम्मा वाळूत पुरून ठेवा. वाळू सकाळ-दुपार ओली करा. ससा आपणहून त्यात जाऊन बसेल. मी नंतर धुळ्याला असताना हा प्रयोग केला आणि मे महिना त्या माठाने काढून दिला. पत्रा टाकायचाच असेल तर त्याच्यावर चार बोटं मोकळी जागा सोडून तुराट्यांचा आणि केळीच्या वाळलेल्या पानांचा थर द्या. केळीच्या पानांना जळगाव जिल्ह्यात तोटा नाही. नुसता पत्रा म्हणजे तवा.

जागेचं सांगतो, कारण माझी चूक तिथेच झाली. पश्चिमेची भिंत सकाळी सावली देते आणि दुपारी तीन वाजता, सगळ्यात जास्त तापतं तेव्हा, ऊन सरळ अंगावर आणते. म्हणून घर इमारतीच्या पूर्वेला हवं. सकाळचं कोवळं ऊन चालतं. दुपारनंतर भिंत आडवी येते. मात्र नुसत्या भिंतीवर विसंबू नका. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो, भरदुपारी भिंतीला सावलीच राहत नाही. वरून छप्पर किंवा झाड पाहिजेच. कडुनिंब उत्तम, पिंपळही चांगला. जागा ठरवण्याआधी एक दिवस काढा. सकाळी आठ, दुपारी बारा, तीन आणि पाच वाजता जाऊन खडूने सावलीची रेघ ओढा. चारही रेघांच्या आत जी जागा येईल, ती सशाची.

गोणपाट ओलं करणं चांगलंच, पण ते तासा-दीड तासाला करावं लागतं. पाण्याच्या बाटल्या बर्फ करून, फडक्यात गुंडाळून आत ठेवल्या तर ससे त्यांना टेकून बसतात. पाणी मातीच्या दोन जड भांड्यांत ठेवा. एक सांडलं तर दुसरं राहील. दोन किलोचा ससा दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. एवढं करूनही पारा ४० च्या वर गेला तर ससे दुपारी घरात घ्या. विहाराच्या सभागृहात एका कोपऱ्यात चार तास बसले तर काही बिघडत नाही. मी समितीच्या वतीने बोलतोय असं समजू नका, पण अध्यक्ष महोदय मान हलवताहेत.

ससा जोरजोरात श्वास घेतोय, तोंड उघडं टाकलंय, लाळ गळतेय, कान गरम आणि लाल झालेत, पाय पसरून पडलाय, तर ऊन लागलं समजा. लगेच गार जागी न्या. साध्या पाण्याने कान ओले करा, पंख्याचा वारा द्या. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका; धक्क्याने जाईल. तोंडात बळजबरीने पाणी ओतू नका, फुप्फुसात जाईल. आणि लगोलग दवाखाना.

आता कुत्र्याकडे येऊ. कोंबड्यांची जी बारीक षटकोनी जाळी मिळते, ती कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. धुळ्याला देवपूरमध्ये राहत असताना शेजारच्या मुलाचा ससा माझ्याकडे आणला होता. कुत्र्याने जाळी एका जागी दाताने ओढून फाडली होती, पण आत तोंड गेलंच नव्हतं. सशाच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही आणि मागचे दोन्ही पाय लुळे. घाबरून उसळी मारताना पाठीचा कणा मोडला होता. सशाचे मागचे पाय फार ताकदीचे आणि हाडं हलकी असतात. त्यामुळे त्याला उचलतानाही मुलांनो, एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली. कान धरून कधीच नाही. सिनेमातला जादूगार धरतो, ते चूक आहे. लहान मुलांनी उचलूच नये. जमिनीवर बसावं आणि सशाला मांडीवर येऊ द्यावं.

तर जाळी वेल्डमेशची घ्या, अर्ध्या इंचाच्या घराची. त्यातून घूस, मुंगूस येत नाही, मोठा सापही येत नाही. ससे उकरतात, म्हणून जाळी जमिनीत दीड फूट पुरा किंवा खाली शहाबादी फरशी बसवून तिच्यावर माती आणि गवत टाका. वरूनही जाळी हवी. घार आणि कावळे पिल्लांना सोडत नाहीत. नुसती आकड्याची कडी मांजर हलवून हलवून उघडतं, तिथे बोल्ट लावा. फिरायला जागा किती? इंग्लंडमधल्या ससेपालकांच्या संस्थेची शिफारस दोन सशांसाठी दहा फूट लांब, साडेसहा फूट रुंद आणि सव्वातीन फूट उंच अशी आहे. आपल्याकडे दोन बाय दोनच्या पेटीत जोडी ठेवतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, प्राण्याला नीट हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. आपल्या राज्यघटनेत कलम ५१-क मध्ये १९७६ साली मूलभूत कर्तव्यं घातली गेली, त्यात प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणं हे एक कर्तव्य आहे. आपण घटनेचा एवढा अभिमान बाळगतो, तर पेटीचं मापही त्यात बसलं पाहिजे.

कुत्र्याने स्पर्श न करता ससा मरू शकतो, तसा आवाजानेही. दिवाळीत फटाके वाजतील तेव्हा ससे आत घ्या. आणि स्पष्ट बोलतो, राग मानू नका, चौदा एप्रिलला विहारासमोर आपलाच डीजे लागतो. त्या रात्रीही ससे कुणाच्या तरी घरी, लांब, ठेवा.

खाण्याबद्दल थोडक्यात. सशाचे दात जन्मभर वाढतात आणि आतडं सतत चालू लागतं. दोन्हीसाठी वाळलेलं गवत हेच मुख्य अन्न. मारवेल, हरळी, वाळलेला कडबा. हिरवा पाला थोडा, गाजर चिमूटभर, केळं दोन बोटं आणि तेही आठवड्यातून एकदा. बिस्कीट, पाव, भात बंद. मात्र आपल्या भागातल्या तीन गोष्टी सांभाळा. कपाशीच्या शेतातलं आणि बांधावरचं गवत आणू नका, त्यावर फवारणी झालेली असते. सरकीची ढेप म्हशीला चालते, सशाला नाही. तिच्यातलं गॉसिपॉल रवंथ न करणाऱ्या प्राण्यांना बाधतं. आणि कोवळी ज्वारी विषारी असते, हे शेतकऱ्याच्या मुलांना सांगायला नकोच. विहाराच्या कुंपणाला पिवळी कण्हेर आहे, ती मी येताना पाहिली. तिचं पानही सशाच्या तोंडाला लागता कामा नये. ससा बारा तास काही खात नसेल, लेंड्या टाकत नसेल, तर उद्या बघू म्हणू नका.

पावसाळ्यात गोष्ट उलटी होते. तपन जाते, ओल येते. ओल्या बिछान्यात कॉक्सिडियाची लागण होऊन पिल्लं हगवणीने मरतात. माश्या शेपटीखाली अंडी घालतात आणि एक-दोन दिवसांत अळ्या पडतात. म्हणून रोज सकाळी ससा उलटा न करता, शेपटी उचलून बघायची. ज्याला किळस येते त्याने ससा पाळू नये. पावसाळ्यात माठ जमिनीतून काढून घर दोन फूट उंच ओट्यावर न्या. हिवाळ्याची काळजी करू नका. धुळ्याची थंडी आपल्याला लागते, सशाला ती मानवते. फक्त वारा आणि दव अडवा. औषधाचं एकच सांगतो. कुत्र्याच्या गोचिडावरचं फिप्रोनिलचं औषध सशाला लावू नका आणि घरातली अमॉक्सिसिलिनची गोळी देऊ नका. दोन्हींनी ससे मेलेले आहेत. खरूज झाली तर दवाखान्यात सुई मिळते.

शेवटचा मुद्दा समितीसाठी. ही जोडी नर-मादी आहे की नाही, ते मी आज बघून सांगेन. असेल तर ३१ दिवसांत पिल्लं होतात आणि विलेली मादी त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. सहा महिन्यांत अंगण भरेल. मग कुणीतरी म्हणतं, द्या सोडून शेतात, मोकळे होतील. मी असे सोडलेले ससे पाहिले आहेत. पांढरा रंग, माणसाला न घाबरणारा स्वभाव. पहिली रात्र निघत नाही. आणि जिथे हवा मानवली, त्या ऑस्ट्रेलियात १८५९ साली शिकारीसाठी आणलेल्या दोन डझन सशांनी पुढे सगळा देश कुरतडला. म्हणून नर वेगळा ठेवा किंवा त्याची शस्त्रक्रिया करून घ्या. ससा आठ-दहा वर्षं जगतो. आज तिसरीत असलेली मुलगी बारावीला जाईल, तोवर तो इथे असेल. तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत शिबीर नसताना दुपारी कोण येणार, याची नावं आजच फलकावर लिहा. सकाळी येणारे पुष्कळ मिळतील. मला दुपारी एक ते पाचची नावं हवीत. सोमवार माझा लिहून घ्या.

आता साडेचार होत आले. पिंजरा मागच्या बाजूला, म्हणजे पश्चिमेला आहे, असं मला सांगण्यात आलं आहे. तेव्हा आभारप्रदर्शन थोडं नंतर करू. मोठ्या मुलांपैकी चार जण माझ्याबरोबर या, आणि कुणीतरी खडू घ्या.